चाळिशी आणि बंदुकीची माशी

आपल्या मराठीत चष्म्याला ‘चाळिशी’ असे एक जुने नाव आहे. पोथी उघडली की घरातले आजोबा विचारायचे, “माझी चाळिशी कुठं ठेवली रे?” ज्याने हा शब्द पहिल्याने वापरला त्याला डोळ्याचे शास्त्र ठाऊक असेल-नसेल, पण वय मात्र त्याने अचूक पकडले. चाळिशी ओलांडली की वर्तमानपत्र लांब धरावे लागते, सुईत दोरा जात नाही, आणि सुपातल्या तांदळात खडा आहे की नाही ते शेजारच्या पोराला विचारावे लागते. हे सगळ्यांच्या घरचे आहे. पण याच डोळ्यांनी ज्यांना नेम धरावा लागतो, त्यांची अडचण थोडी निराळी आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या गोंदिया जिल्ह्यात नेम धरणारी माणसे आहेत तरी किती? पाहायला गेले तर पुष्कळ आहेत. पोलिसांना गोळीबाराचा सराव करावाच लागतो. सालेकसा-देवरीकडच्या जंगलपट्टीत ज्यांना काम करावे लागते त्यांना तर तो टाळताच येत नाही. गृहरक्षक दलाचे लोक आहेत, राष्ट्रीय छात्रसेनेची मुलेमुली आहेत आणि त्यांना शिकवणारे आमच्यासारखे मास्तर आहेत. हल्ली १० मीटरच्या छऱ्याच्या बंदुकीचा खेळ शाळा-महाविद्यालयांतही येऊन पोचला आहे. शिवाय दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तिथे फुगे फोडायला उभा राहणारा प्रत्येक जण दोन मिनिटांपुरता नेमबाजच असतो. शिकारीचे मात्र नाव काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दिवस संपले आणि ते चांगलेच झाले. नवेगाव-नागझिऱ्याच्या या मुलखात जनावर कॅमेऱ्याने टिपावे, बंदुकीने कागद.

तर अशा माणसाचे काय होते ते पाहा. पंचविसाव्या-तिसाव्या वर्षी त्याचा नेम चांगला असतो. चाळिशीच्या मध्यावर गुण हळूहळू उतरू लागतात. आधी तो बंदुकीला बोल लावतो, मग काडतुसांना, मग स्वतःच्या हाताला. “हात कापतो आता, वय झालं,” म्हणतो. बरोबरीचे लोक हसतात, तरुण पोरे पुढे जातात, आणि एक दिवस हा भला माणूस सरावाला जाणेच सोडून देतो. नोकरीत ज्याला नेमाची परीक्षा द्यावी लागते त्याला सोडूनही चालत नाही, तो नुसता खाली मान घालून उभा राहतो. आणि पुष्कळदा हाताचा दोष काडीचा नसतो. दोष भिंगाचा असतो. तोही असा की अर्ध्या नंबराच्या फरकाने सुधारावा.

हे कसे ते समजायला डोळ्याकडे जरा पाहू या. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक जिवंत भिंग आहे. दूरचे पाहताना ते चपटे राहते, जवळचे पाहताना भोवतालचा बारीक स्नायू आवळतो आणि भिंग फुगते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही गोष्ट नीट मांडली. लहानपणी हे भिंग इतके लवचीक असते की दहा वर्षांचे पोर नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षरही वाचते. वयाबरोबर भिंग घट्ट होत जाते. पंचेचाळिशीच्या सुमारास जवळचे स्पष्ट दिसण्याची हद्द हळूहळू वीतभर अंतराच्याही पुढे सरकते आणि साठीला ती जवळजवळ एक मीटरवर जाते. भिंगाची ताकद मोजायला ‘डायॉप्टर’ हे माप वापरतात. चष्म्याच्या दुकानात आपण ज्याला ‘नंबर’ म्हणतो तेच हे. हिशेब सोपा आहे: एकाला मीटरमधील अंतराने भागायचे. एक मीटरवरची वस्तू स्पष्ट पाहायला एक डायॉप्टर लागतो, अर्ध्या मीटरवरची पाहायला दोन, आणि फार दूरची पाहायला शून्य.

आता बंदूक हातात घ्या, म्हणजे मनात घ्या. नेम धरणाऱ्याला तीन वस्तू एका ओळीत आणाव्या लागतात. मागची खाच किंवा छिद्र, नळीच्या टोकावरची माशी, आणि लांबचे निशाण. सरावाच्या मैदानावर यांना बॅकसाइट, फोरसाइट आणि टार्गेट म्हणतात. यांतली खाच डोळ्याजवळ, माशी साधारण मीटरभर अंतरावर आणि निशाण दहा, पंचवीस किंवा पन्नास मीटरवर. डोळा कोणाचाही असो, एका वेळी एकाच अंतरावर तो नेमका लागतो. तरुण डोळा या तिन्हींमध्ये इतक्या झटपट उड्या मारतो की त्याला वाटते, आपल्याला तिन्ही एकदमच स्पष्ट दिसतात. चाळिशीनंतर उडी मंद होते, पन्नाशीनंतर उडी मारायला बळच उरत नाही. डोळा निशाणावर जाऊन बसतो आणि माशी धुरकट होते.

मग या तिघांत स्पष्ट कोण दिसावे? नव्या माणसाला वाटते, निशाण. कारण गोळी तर तिकडेच जायची आहे. इथेच सगळा घोटाळा आहे. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. छऱ्याच्या पिस्तुलात खाच आणि माशी यांच्यात सुमारे ३६ सेंटिमीटर अंतर असते असे धरू. माशी खाचेत एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली, तर १० मीटरवर छरा किती चुकेल? समरूप त्रिकोण काढा. १० मीटर भागिले ०.३६ मीटर, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. १० मीटर पिस्तुलाच्या कागदावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने दहाचा छरा सातात जाऊन पडला. उलट माशी खाचेत अगदी बरोबर आहे, पण सगळा हातच निशाणावर एक मिलिमीटर सरकला, तर छराही फक्त मिलिमीटरभरच सरकतो. म्हणून माशीची कड स्वच्छ दिसणे पहिले. निशाण थोडे धुरकट चालते. ते काळे आणि गोल असते. धुरकट झाले तरी गोलच राहते, आणि गोलाचा मध्य डोळा आपोआप शोधतो.

पण ‘माशी स्पष्ट हवी’ म्हणून वाचनाचा चष्मा लावून उभे राहिलात तर फसाल. वाचनाचा चष्मा पुस्तकासाठी, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपासच्या अंतरासाठी केलेला असतो. त्यातून माशीही अंधुक आणि निशाण तर नाहीसेच. दूरचा चष्मा लावला तर निशाण झकास, माशी पुसट. खरी जागा या दोन्हींच्या मधे आहे. माशी एक मीटरवर, तिला हवा एक डायॉप्टर. निशाणाला हवा जवळजवळ शून्य. मध्य काढला तर अर्धा. म्हणजे तुमचा दूरचा जो नंबर असेल त्यात अधिक ०.५० मिळवायचा. असे भिंग डोळ्याला दोन मीटरवर लावून ठेवते. माशी त्याच्या थोडी अलीकडे, निशाण त्याच्या पलीकडे, दोन्हींचा धुरकटपणा सारखा आणि थोडा. छिद्राची मागची नजर असलेल्या रायफलीला बहुतेकांचे एवढ्यावर भागते. पिस्तुलाला छिद्र नसते, तिथे माशीला अधिक मान द्यावा लागतो, म्हणून अधिक ०.७५ पासून कधी कधी १.०० पर्यंत जावे लागते. पंचेचाळिशीच्या आतल्या माणसात थोडी लवचिकता शिल्लक असते, त्याला पाव नंबरही पुरेल.

बेरीज करताना चिन्हाकडे लक्ष असू द्या. ज्याचा दूरचा नंबर उणे २.०० आहे त्याचा नेमाचा नंबर उणे १.५० होतो. ज्याचा अधिक १.०० आहे त्याचा अधिक १.५०. आणि ज्याचा दूरचा नंबर उणे अर्धा आहे, त्याने चष्मा काढला की त्याचा डोळा आपसूकच दोन मीटरवर लागलेला असतो! गावात एखादा पन्नाशीचा गडी बिनचष्म्याचा उत्तम नेम धरतो आणि लोक त्याच्या नजरेची तारीफ करतात. त्याला लांबचा एस.टी.चा फलक वाचायला सांगा, मग त्या नजरेचे गुपित कळेल.

आता दुकानात किंवा दवाखान्यात जायचे ते कसे? बंदूक घेऊन मुळीच जायचे नाही. हे सांगावे लागते याचे नवल वाटेल, पण सांगून ठेवतो. आधी सरावाच्या ठिकाणी, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, नेमाच्या पवित्र्यात उभे राहा आणि दुसऱ्या माणसाकडून डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर फितीने मोजून घ्या. ते कागदावर लिहा. मग बांबूची एक कमची घ्या, त्या अंतरावर माशीएवढ्या रुंदीची काळ्या कागदाची पट्टी उभी चिकटवा. ही कमची घेऊन डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्यांदा दूरचा नंबर नीट, नव्याने काढून घ्या. जुन्या नंबरावर बेरीज करणे म्हणजे कच्च्या पायावर भिंत. मग तपासणीच्या चौकटीत अधिक पाव, अर्धा, पाऊण अशी भिंगे एकामागून एक घालून कमचीवरची पट्टी आणि समोरच्या भिंतीवरचे काळे वर्तुळ दोन्ही पाहा. दरवेळी सर्वांत कमी ताकदीचे असे भिंग निवडा की ज्यातून पट्टीची कड तुम्हाला खात्रीने रेखीव दिसते. ताकद वाढवीत गेलात तर माशी आणखी छान दिसेल, पण निशाण विरघळून जाईल. डॉक्टर प्रथम चमकतील. वाचन आणि दूर ही दोनच अंतरे त्यांच्याकडे रोज मागितली जातात. कमची दाखवलीत की त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

भिंग एकच नंबराचे घ्यावे, हे माझे ठाम मत आहे. वर दूरचे आणि खाली जवळचे असे दुहेरी भिंग नेमाला उपयोगाचे नाही. वरून पाहाल तर माशी जाते, खालून पाहाल तर निशाण. हल्ली बिनरेषेची चढत्या नंबराची महागडी भिंगे निघाली आहेत. रोजच्या व्यवहाराला ती उत्तम. पण त्यांत मधल्या अंतराची जागा एका अरुंद गल्लीएवढी असते. डोके जरा वरखाली झाले की नंबर बदलतो, आणि नेमबाजाचे डोके प्रत्येक बारीला रेषाभर तरी हलतेच. साधे, एकाच नंबराचे भिंग स्वस्तही पडते. खेड्यातल्या माणसाने इथे कमी पैशांत जास्त मिळवावे अशी ही दुर्मीळ जागा आहे.

भिंगाइतकीच चौकट महत्त्वाची. रायफल धरताना गाल दस्त्यावर टेकलेला असतो, मान झुकलेली असते, आणि आपण चष्म्याच्या मधून न पाहता वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो. भिंग मधोमध जसे वागते तसे कडेला वागत नाही. कडेला ते लोलकासारखे किरण वाकवते. नंबर दोनचा असेल आणि तुम्ही मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूने पाहात असाल, तर प्रत्येक मीटरमागे दोन सेंटिमीटरने वस्तू सरकलेली दिसते. नेम कायम त्याच बिंदूतून धरला तर हे सरकणे नजर जुळवताना जमेस धरता येते, पण चष्मा घामाने नाकावरून घसरला की सारे बिघडले. वैशाखात आपल्याकडे घामाची काय कमतरता! ज्यांना सिलिंडरचा, म्हणजे आडव्या-उभ्या फरकाचा नंबर आहे, त्यांची मान तिरपी झाली की चष्म्याचा अक्षही चेहऱ्याबरोबर फिरतो. तो बिघडत नाही, कारण डोळाही बराचसा बरोबर फिरलेला असतो. पण चौकटच नाकावर वाकडी बसली तर मात्र बिघडतो. स्पर्धेत उतरणारे लोक एका डोळ्यापुढे हलवता-वळवता येणारे गोल भिंग असलेली खास चौकट वापरतात. ती नसेल तर मोठ्या काचेची, उंच बसणारी, कानामागे घट्ट धरणारी साधी चौकट घ्या, आणि नेमाच्या पवित्र्यात नजर जिथून जाते तो बिंदू चष्मेवाल्याला शाईने काचेवर खूण करून दाखवा. भिंगाचा मध्य तिथे आणून बसवता येतो.

छिद्राची गोष्ट वर ओझरती आली. तिच्यात मोठी गंमत आहे आणि ती शाळेत करून पाहता येते. पोस्टकार्डाला जाड सुईने एक भोक पाडा. चष्मा काढून, वाचता येत नाही असे अक्षर त्या भोकातून पाहा. अक्षर थोडे काळसर पण स्पष्ट दिसेल. कारण धुरकटपणा दोन गोष्टींच्या गुणाकारावर असतो: नंबराची चूक आणि प्रकाश शिरायच्या दाराची रुंदी. बाहुली तीन मिलिमीटर उघडी आणि चूक अर्ध्या डायॉप्टरची असेल, तर १० मीटरवरच्या निशाणाची कड सुमारे १५ मिलिमीटर पसरते. पुढे एक मिलिमीटरचे छिद्र ठेवले की ५ मिलिमीटरच पसरते. म्हणून रायफलीच्या मागच्या नजरेतले छिद्र म्हाताऱ्या डोळ्याचा मोठा मित्र आहे. मात्र छिद्र फार बारीक केले तर अंधार होतो आणि कडा उलट फुटू लागतात. यातूनच आणखी एक कोडे सुटते. भर दुपारी बाहुली बारीक होते, तेव्हा नेम बरा बसतो. ढगाळ दिवशी किंवा दिवेलागणीला तीच बाहुली रुंद होते आणि तोच माणूस, तीच बंदूक घेऊन, चुकतो. बंदूक बिचारी सकाळचीच असते.

दुसरा डोळा मिटायचा की नाही? मिटू नये. एक डोळा घट्ट मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि उघडा डोळाही थकतो. काळ्या कापडाने झाकणेही बरे नाही. दोन्ही बाहुल्या जोडीने चालतात. एकीपुढे अंधार केला की दुसरीही रुंदावते, आणि रुंदावल्याचे नुकसान आत्ताच पाहिले. त्या काचेवर पांढरट, अर्धपारदर्शक पट्टी चिकटवावी. उजेड येतो, चित्र येत नाही. स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा पट्टीची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

उडत्या चकत्यांवरची नेमबाजी मात्र निराळी. तिथे नजर सतत चकतीवर असते, माशीवर नाही, म्हणून तिथे दूरचाच नंबर लागतो.

वयाने हा खेळ संपत नाही याची साक्ष द्यायला माणसे आहेत. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफलीत जगज्जेत्या ठरल्या, आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकला चाळीस वर्षांच्या असताना उतरल्या. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर पासष्टी उलटल्यावर पिस्तूल हातात धरले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर पिस्तुलाच्या मिश्र सामन्यात मनु भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य मिळवले, त्याच सामन्यात तुर्कस्तानच्या यूसुफ दिकेच या ५१ वर्षांच्या गृहस्थांनी रौप्य मिळवले. त्यांचा एक हात खिशात आणि डोळ्यांवर घरगुती दिसणारा चष्मा, हे छायाचित्र जगभर गाजले. ते पाहून काही मंडळी म्हणू लागली, चष्म्याबिष्म्याचे काही नसते, सारा सराव. सराव तर आहेच. पण चौकट साधी असली म्हणून भिंगही कसेतरी असते असे नाही. नंबर काही छायाचित्रात दिसत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. सगळेच धुरकट चाळिशीच्या खाती टाकू नका. चाळिशीचा बिघाड दोन्ही डोळ्यांत, हळूहळू आणि जवळच्या वस्तूंपुरता असतो. एकाच डोळ्याने अचानक कमी दिसू लागले, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, नजरेसमोर पडदा आल्यासारखे झाले, किंवा नंबर काही आठवड्यांत वरखाली होऊ लागला, तर नेम बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. नंबराची चंचलता पुष्कळदा मधुमेहाची पहिली चाहूल असते. काचबिंदू तर कडेची नजर मुकाट्याने खातो, आणि माशीकडे पाहणाऱ्याला कडेचे जाते आहे हे कळतही नाही. मैदानावर ज्याला बाजूने चालत आलेला माणूस दिसत नाही, त्याच्या हातात बंदूक असणे धोक्याचे आहे.

मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलेले लोक आता गावोगाव आहेत. ते विचारतात, आम्हाला नेम जमेल का? जमेल, आणि हिशेब उलट सोपा होईल. हे भिंग बहुधा एकाच अंतराचे, दूरचे असते आणि ते फुगत नाही. त्यामुळे अधिक अर्धा ते पाऊण जो नंबर निघेल तो वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. फक्त शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय दणका देणारी बंदूक खांद्याला लावू नये.

राहता राहिली काच. नेमाचा चष्मा डोळ्यांचे रक्षणही करतो, म्हणून तो काचेचा नको, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा मागा आणि कडा रुंद घ्या. छरा कठीण जागी आपटून मागे उडतो. मंडईतल्या फुग्यांच्या फळीसमोरही हे होते, तेव्हा पोरांना फळीच्या अगदी जवळ उभे करू नका. चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर तारीख, दूरचा नंबर, नेमाचा नंबर आणि डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर लिहा. दोन वर्षांनी पुन्हा तपासायला जाल तेव्हा कमचीबरोबर तीही न्या.